नेपाळात अडकलेली पोरं

"दहा टक्के? कशाचे?"

बाईंचे हात थांबले. आम्ही दोघं ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. यंदा हरभऱ्याचा भाव दहा टक्क्यांनी चढला म्हणतेत, एवढंच मी बोललो होतो.

"भावाचे," मी म्हणालो.

"कुठल्या भावाचे? मागच्या महिन्याच्या का परसालच्या?"

"मला काय ठाऊक? लोक बोलायलेत, मी ऐकायलोय."

"मग नुसतं दहा म्हणू नका. बरं, हे सांगा. नेपाळात गेलं की आपल्या शंभराचे तिथले एकशेसाठ होतात. शेकडा किती वाढले?"

"साठ."

"बरोबर. आता परत आलो. एकशेसाठाचे पुन्हा शंभर. शेकडा किती घटले?"

"साठच की."

"चूक."

"चूक कसं, बाई? वाढले तेवढेच घटले ना?"

"उद्या सांगते. पोरांना उद्या हेच शिकवायचंय. तुमीबी येऊन बसा." टोपलं उचलून बाई आत गेल्या.

ही माझी बायको. बायकोला बाई म्हणतो म्हणून सगळं बोरी गाव मला हसलं. पण मी काय करणार? मी चौथीतून शाळा सोडलेला, बोरी-परभणी काळीपिवळी चालवायचो. बाई परभणीहून आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायला यायच्या. पुढच्या सीटवर, खिडकीपाशी. मी एकदा भाडं आठाचं दहा केलं. बाकीच्यांनी कुरकुर करून दिलं. बाई म्हणाल्या, "शेकडा पंचवीस वाढवलेत."

"दोनच रुपये वाढवले, बाई."

"कशावर दोन? आठावर. पंचवीसच झाले."

पंचवीस म्हणल्यावर सगळी गाडी माझ्यावर उलटली. मला तेव्हाबी काही समजलं नव्हतं, पण बाई खऱ्या बोलतात हे समजलं. पुढं त्यांच्या भावाचे लय उंबरे झिजवले, तेव्हा कुठं लग्न जमलं. तोंडातली बाई मात्र गेली नाही. त्याबी मला कधी अरे म्हणाल्या नाहीत. भांडताना सुद्धा "तुमी जरा शांत बसता का?" असंच.

तुमच्याबी गावात असं एखादं माणूस असेल बघा, ज्याच्यापुढं ढोबळ बोलायची सोय नसते. आमचा सरपंच म्हणाला, गावात नव्वद टक्के नळ झाले. बाई भर सभेत उठल्या. "घरांच्या नव्वद का गल्ल्यांच्या?" सरपंच पाणी प्यायला.

नोकरी संपल्यावर बाईंनी घरीच पोरं गोळा केली. फी नाही, काही नाही. शेजारची म्हातारी यात्रेच्या बसनं नेपाळ करून आली आणि सांगत सुटली, "तिथं गेलं की माणूस श्रीमंत होतंय बगा, शंभराला एकशेसाठ!" झालं. बाईंनी तेच धरलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या नोटा कापल्या. आपल्या पांढऱ्या, नेपाळच्या हळद लावून पिवळ्या. ओसरी म्हणजे भारत, सैपाकघर म्हणजे नेपाळ, मधला उंबरा म्हणजे हद्द. सून वैतागली. "आत्याबाई, नेपाळात भाकरी थापायला जागा ठिवा म्हणलं."

बाई उंबऱ्यावर पाट टाकून बसल्या. एकेक पोरगं यायचं, पांढरे शंभर द्यायचं, पिवळे एकशेसाठ घ्यायचं आणि आत उडी मारायचं. आतून आरडाओरडा, "आमी श्रीमंत झालो!"

बाई म्हणाल्या, "झालात का? तिथं चहा चाळिसाला हाय. आपले किती झाले?"

पोरांनी बोटं मोजली. "पंचवीस."

"इथं कितीला मिळतो?"

"दहाला! बाई, आमाला चहाच नको."

मी लिंबाखाली बसून बघत होतो. पोरं मला बोलवायची, "आजोबा, चला की नेपाळला." मी म्हणायचो, "तिथं माझी बिडी मिळत न्हाई."

त्या दिवशी शिकवणी संपली तेव्हा पोरं पलीकडंच होती. बाईंनी त्यांना ओसरीवरून घरी जाऊ दिलं नाही. "पैसे बदलल्याबगर हद्द ओलांडायची न्हाई. परत यायचं गणित उद्या." मग सगळी वरात सैपाकघराच्या मागल्या दारानं, गोठ्यातून, शेणातून घरी गेली. मी लय हसलो. त्याच संध्याकाळी आम्ही शेंगा फोडल्या.

सकाळी बाईंच्या छातीत कळ आली. परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पन्नास टक्के चान्स आहे, काका."

माझ्या तोंडून निघालं, "कशाचे?"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मलाबी ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या आत नळ्या लावून पडल्या होत्या. दोन दिवसांनी गेल्या.

मग माणसं आली, रडली, जेवली, गेली. माझ्या डोक्यात मात्र ते शंभर आणि एकशेसाठ. रडायचं सोडून हे काय चाललंय आपलं, मला काही उमगेना. माझ्या पोराला विचारलं. त्यानं मोबाइलवर बोट फिरवून सांगितलं, "साडेसदतीस टक्के घट, आप्पा."

"साठ का न्हाई?"

"खालचा आकडा बदलतो ना."

"खालचा म्हणजे कुठला?"

"आप्पा, आता हे काय काढलंत?" म्हणून तो उठला. जाताना साठ, येताना साडेसदतीस. नोट तीच, रस्ता तोच. मधलं गेलं कुठं? मी सुनेला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. लोक माझ्याकडं कसंनुसं बघायला लागले.

तेराव्याला मांडव घातला होता. सगळं गाव पुढच्या दारानं येत होतं. आणि बाईंची पोरं मागून आली. गोठ्यातून, पाय शेणानं भरलेले. वाढपी ओरडला, "अरे, पुढून या की! तिकडून काहून येता?"

एक पोरगी म्हणाली, "आमाला पुढून येता येत न्हाई. आमी अजून नेपाळातच हावोत."

पंगतीत दोघंतिघं हसली. सून माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, शिकवणी बंद झाली म्हणून सांगून टाका त्यांना." मी मान हलवली. पण पोरं सैपाकघरात ओळीनं जेवायला बसली होती आणि उंबऱ्याच्या अलीकडं एकानंबी पाय टाकला नव्हता. "सकाळी या," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या पांढऱ्या नोटा हुडकल्या. घर सारवताना त्या कचऱ्यात गेल्या होत्या. मग भिंतीवरचं चालू कॅलेंडर काढलं, सरलेले महिने फाडले आणि कात्रीनं नोटा कापल्या. एकबी सरळ कापली गेली नाही. त्यांच्यावर माझ्या अक्षरात शंभर लिहिलं. उंबऱ्यावर पाट टाकून बसलो.

पोरं मागून आली. पिवळे एकशेसाठ द्यायची, शंभर घ्यायची, ओसरीवर यायची. त्या पोरीनं विचारलं, "आजोबा, शेकडा किती घटले?"

"साडेसदतीस. कसे ते मला इचारू नको. तुला समजलं तर मलाबी सांग."

ती ओसरीवर जाऊन पाटी घेऊन बसली.

शेवटी सगळ्यात धाकटी राहिली. तिच्याकडं एकशेवीसच होते. चाळिसाच्या तिनं नेपाळात बांगड्या घेतल्या म्हणे. आता एकशेविसाचे किती द्यायचे? मी नोटांकडं बघितलं, पाठीमागं बघितलं, ओसरीवरच्या पोरांकडं बघितलं. ती हात पुढं करून पलीकडं उभी होती.

मी तिला अख्खे शंभर दिले आणि दंडाला धरून अलीकडं घेतलं.