दोन ब्रेकची गाडी

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. एकच खोली आणि मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडे त्यांच्या मोठ्या नणंदबाई बसायच्या, पलीकडे त्या स्वतः. नणंदबाई टायपिंग करायच्या, फोन घ्यायच्या, तारखांची वही ठेवायच्या आणि आलेल्या माणसाला पाणी देता देता त्याची अर्धी केस काढून घ्यायच्या.

काम एकाच प्रकारचं होतं. कुणाचं घर कर्जापायी लिलावाला निघालेलं असायचं, कुणाला दिवाळखोरीचा अर्ज करायचा असायचा. बहुतेक जण पिशवीभर बंद पाकिटं घेऊन येत. नोटीस उघडली नाही म्हणजे ती आलीच नाही, असं माणसाला वाटतं. वकीलबाई आधी सगळी पाकिटं फोडून तारखेप्रमाणे लावायच्या आणि मगच बोलायला सुरुवात करायच्या.

या कामात त्या काही दयेपोटी आल्या नव्हत्या. कुणी तसं म्हटलं तर लगेच दुरुस्ती करायच्या. आधी बारा वर्षं त्या घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत वसुलीच्या नोटिसांचे मसुदे लिहीत होत्या. कंपनीने तो विभाग दुसऱ्या शहरात हलवला. त्या वेळी नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, म्हणून नोकरी सोडली. "मला हे एकच येत होतं," त्या सांगायच्या, "मग तेच उलट्या बाजूने करायला लागले." चार वर्षांनी नवरा गेला. नणंदबाई तेव्हा शाळेच्या ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घरी दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्या टाइपरायटरसमोर येऊन बसल्या. पुढे टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, खुर्ची तीच राहिली.

एका सोमवारी ब्रेकमावशी आल्या. एकसष्ट वर्षांच्या, आडव्या बांध्याच्या, गर्दीत हॉर्न दिल्यासारखं बोलणाऱ्या. सत्तावीस वर्षं त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवत होत्या आणि ब्रेकमावशी हे नाव विद्यार्थ्यांनीच पाडलं होतं. सहा वर्षांपूर्वी धंदा जोरात असताना त्यांनी घर तारण ठेवून चार नव्या गाड्या घेतल्या. दीड वर्षात परवान्याच्या परीक्षेचं मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि त्याच्यामागे शिकणारी माणसंही गेली. गाड्या एकेक करून विकल्या. उरली ती सगळ्यात जुनी, पांढरी. घराचा लिलाव अठरा दिवसांवर आला होता.

वकीलबाईंनी पाकिटं फोडली. तिसऱ्या नोटिशीत चौथी ओळ वाचताना त्या थांबल्या. ती ओळ त्यांची स्वतःची होती. पूर्वी लोक 'नोटीस मिळालीच नाही' म्हणून सुटायचे. ती पळवाट बंद करायला त्यांनीच हे वाक्य घडवलं होतं. कंपनी अजून तोच मसुदा वापरत होती, स्वल्पविरामासकट.

त्यांनी ते लपवलं नाही. "या नोटिशीत चूक सापडणार नाही," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलीय."

ब्रेकमावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे कुलूप तुम्हीच लावलंत आणि आता किल्ली शोधायचे पैसे घेणार?"

"हो. पण घराची किल्ली मिळेल असं मी म्हणत नाही. दिवाळखोरीचा अर्ज केला तर लिलाव काही महिने थांबेल. तेवढ्यात न्यायालयाच्या परवानगीने घर तुम्ही स्वतः विका. लिलावात मातीमोल जाईल."

"मी घर वाचवायला आलेय, विकायला नाही." मावशींनी पाकिटं पिशवीत कोंबली आणि जिना उतरून गेल्या.

दुपारच्या चहाला वकीलबाई भिंतीच्या अलीकडे येऊन बसल्या. नणंदबाईंना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलेलं होतंच.

"वन्सं, तेव्हा मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा," वकीलबाई म्हणाल्या.

"तू नसतं लिहिलंस तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं." नणंदबाईंनी कप खाली ठेवला. "पण लिहिलंस तू, वहिनी, हेही खरंच. आता तिला फोन मी करते. तुझ्या तोंडून ते कोर्टासारखं येतं."

फोनवर त्या काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुवारी मावशी परत आल्या आणि अर्जावर सही करून गेल्या.

लिलाव थांबला. तीन महिन्यांत घर एका दाताच्या डॉक्टरने दवाखान्यासाठी घेतलं, बरा भाव देऊन. कंपनीचं कर्ज फिटलं. उरली एका पतपेढीची देणी, आणि विकण्यासारखं उरलं होतं एकच, ती पांढरी गाडी. कायद्याने पोटापाण्याची अवजारं विकता येत नाहीत. शिंप्याचं मशीन शिंप्याकडेच राहतं. पण वाहनं त्या सवलतीत बसत नव्हती. पतपेढीचा वकील तरुण होता, सभ्य होता, आणि त्याचा मुद्दा सरळ होता. गाडी ती गाडीच.

"साहेब, ही गाडी खाली उभी आहे," वकीलबाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत पाच मिनिटं पाहिलीत तर माझं पाऊण तासाचं बोलणं वाचेल."

न्यायाधीशांना पाऊण तास वाचवणं पसंत पडलं. ते आवारात आले, चष्मा सावरून वाकले आणि दोन्ही बाजूंची पेडलं पाहिली. चालकाच्या पायाशी ब्रेक आणि क्लच होते तसेच शेजारच्या जागेवरही होते. तिथली पेडलं तर घासून घासून गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी पतपेढीच्या वकिलाला विचारलं, "तुम्ही चालवून बघता का?"

तो चालकाच्या जागी बसला, मावशी शेजारी. गडबडीत त्याने गियर मागचा टाकला. गाडी मागच्या खांबाच्या दिशेने निघाली आणि खांबापासून दोन हातांवर जागच्या जागी थांबली. त्याचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

"क्लच हळू सोडायचा," मावशी म्हणाल्या. "मागे कुणी लागलेलं नाही."

तो ओशाळून हसला. बाहेर येऊन म्हणाला, "माझा आक्षेप मी मागे घेतो." निकालात न्यायाधीशांनी दोनच ओळी लिहिल्या की हे वाहन म्हणजे शिकवण्याचं अवजार आहे आणि ते अर्जदाराकडेच राहील. पतपेढीची उरलेली देणी पुढे कायद्याप्रमाणे माफ झाली.

घराचा ताबा देण्याच्या दिवशी वकीलबाई कागदांवर सह्या घ्यायला गेल्या तेव्हा मावशी शिडीवर होत्या. छपराच्या पन्हळीतून कुजका पाला उपसत होत्या.

"आता कशाला? घर दुसऱ्याचं झालं."

"तुंबली ती माझ्या वेळेला," मावशी म्हणाल्या. उतरल्यावर त्यांनी हात धुतले, सह्या केल्या आणि मग पायरीवर बसून बराच वेळ रडल्या. वकीलबाईंनी सह्यांचे कागद पिशवीत ठेवले. त्या शेजारी बसून राहिल्या. डॉक्टर आला तो फाटकाबाहेर थांबला. त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

मावशी आता एका गोदामामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात. पहिल्या वर्षी अकरा विद्यार्थी मिळाले, दुसऱ्या वर्षी तेवीस. वकीलबाईंची फी हप्त्यांनी आली, एकही हप्ता चुकला नाही. त्याशिवाय मावशी गाडी शिकवायला मागे लागल्या. वकीलबाईंनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा फोन नणंदबाईंनी घेतला आणि हो म्हणून टाकलं, स्वतःसाठी.

चौसष्टाव्या वर्षी त्या शिकायला लागल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, कारण परीक्षकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उलट दोन प्रश्न विचारले आणि बोलता बोलता वळण चुकलं. दुसऱ्या खेपेला मावशींनी तंबी दिली, "तोंड उघडलंत तर मी शेजारून ब्रेक मारीन." शेजारी परीक्षक असणार होता, मावशी नव्हे, हे दोघींनाही ठाऊक होतं. नणंदबाई गप्प बसल्या आणि पास झाल्या.