मावशींच्या मिरच्या आणि माझे ढग

समोरच्या गच्चीवर एक मावशी उन्हाळाभर वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळवतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून त्या ओरडतात, "पावणं, आज पडतोय का?"

ही सवय मीच लावली. मुलीचं भूगोलाचं पुस्तक वाचून मी त्यांना सांगितलं, की दमट गरम हवा वर जाऊन गार झाली की ढग होतो. पिसासारखा सिरस बर्फाचा, तो भिजवत नाही. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा क्युम्युलस उंच वाढत गेला, की वळीव आलाच. मग आठवडाभर माझे सगळे अंदाज चुकले. शेवटी मी सिरस म्हणालो त्या दुपारी मिरच्या चिंब भिजल्या. मला जेवण गेलं नाही.

माफी मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की! तुमचं उलटं धरलं की बरोबर बसतंय. आता तुम्ही पडतोय म्हणला, की मी वाळत घालती बगा."

आज आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी मिरच्या आतच ठेवल्या असत्या. मनात देवाची क्षमा मागून मी ओरडलो, "मावशी, आज धो धो!"

त्यांनी हसत जुनं लुगडं अंथरलं.