केळीच्या खांबांवरचं घर

उखर्डूच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नावही तसंच ठेवलं. पोरगा जगला, चांगला धट्टाकट्टा निघाला, फोपनारच्या शिवारात केळीचा बागायतदार झाला. नावाचा मात्र त्याला आयुष्यभर राग. आपल्या शेतात कुठे घाण, कुठे पडीक दिसताच कामा नये, हा त्याचा हट्ट त्या रागातूनच आलेला.

त्या हट्टापायी डाबर गेली. शेताच्या खालच्या अंगाला ही पाणथळ जागा होती. पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिथे पसरायचं आणि होळीपर्यंत मुरत राहायचं. लव्हाळं, बेडकं, बगळे, चिखल. उखर्डूच्या डोळ्यांत ते सलायचं. घड कापला की केळीचं उरलेलं खोड, म्हणजे खांब, कुठे टाकायचा हा प्रश्न असतोच. त्यानं ट्रॅक्टर भरभरून खांब डाबरीत लोटले, वर काळी माती ओढली, त्यावर मुरूम दाबला. जागा सपाट झाली. बगळे दुसरीकडे गेले. शेजारची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवू लागली, तेव्हा त्यानं पावसाला शिव्या घातल्या आणि बोअर खोल नेली.

मग धाकटी बहीण निर्मला, नवरा गेल्यावर, माहेरी आली. भाऊबीजेला उखर्डूनं ती सपाट जागा तिच्या ओवाळणीत घातली. गावानं वाहवा केली, आणि खोटं कशाला, त्यालाही ती गोड लागली. तिचं घर बांधायला बुऱ्हाणपूरहून आलेल्या अनंत मिस्तरीनं पाया खणण्याआधी विचारलं, "भाऊ, भरतीची जागा दिसते. भरलं कायनं?"

"मातीनं," उखर्डू म्हणाला.

केळीचा खांब म्हणजे पाणीच. कुजला की उरतं काय, हे केळीवाल्याला कोणी शिकवायचं? पण दिलेली जागा परत मागायची तर गावात शोभा. वर एवढी माती आहे, बसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. वास्तुशांतीला दाराशी केळीचे खांब बांधले, ते सगळ्यांनी पाहिले. खालचे एकट्या उखर्डूला दिसत होते.

घर खचू लागलं. आधी मोरी, मग मागची भिंत. निर्मलानं अनंतला भर चौकात चोर म्हटलं, सिमेंट खाल्लं म्हणाली. फोपनारात त्याला कोणी काम देईना. ती चौकात चोर म्हणत होती तेव्हा उखर्डू तिथेच उभा होता, चपलेनं माती उकरत. अनंतनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हत्यारांची पिशवी उचलली. ती नजर उखर्डूला जेवतानासुद्धा सोडत नसे.

यंदाच्या भाऊबीजेला तो निर्मलाकडे पाटावर बसला, तर पाट एकीकडे कललेला. तिनं सवयीनं पाटाखाली कौलाचा तुकडा सारला. निरांजनातलं तेलही एका काठाला गेलं होतं.

"दादा, त्या चोट्ट्या मिस्तरीनं माह्या घराची वाट लावली," ती कुंकू लावत म्हणाली. "तुह्या जागेनं तं मले तारलं. नाई तं मी कुठं गेली असती?"

ते 'तारलं' उखर्डूला सहन झालं नाही.

"मिस्तरी चोर नाई व, निर्मले. खाले केयीचे खांब हायेत. मीच टाकले. त्यानं विचारलं तं मी खोटं बोललो. हे घर आनखी बसन. तू आजच माह्या घरी चाल."

निर्मलाचा हात थांबला. तिनं भिंतीच्या भेगेकडे पाहिलं, मग भावाकडे. आता ही ताट भिरकावणार, असं त्याला वाटलं. भिरकावलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण तिनं ओवाळणं पूर्ण केलं आणि ताट खाली ठेवलं.

उखर्डूनं चाचरत साडीची पिशवी पुढे केली.

"राहू दे," ती म्हणाली. "ओवायनीत मले दुसरं पाह्यजे. अनंतभाऊले बुऱ्हानपूरहून घेऊन येऊ. ज्या चौकात मी त्याले चोर म्हटलं, त्याच चौकात तू खरं सांग. मंग येईन तुह्या घरी."

उखर्डू बुऱ्हाणपूरला निघायला उठला. बाहेर पडून निर्मला दार लावू लागली, पण चौकट तिरकी झाल्यामुळे कडी बसेना. तिनं पाय भिंतीला टेकवला, दार दोन्ही हातांनी ओढलं आणि सगळा जोर करून कडी घातली. रोज हे दार ती असंच लावत असणार. त्यानं कधी विचारलंही नव्हतं.