जळक्या दालमिलचा चौकीदार

मालेगाव रोडवरच्या जळक्या दालमिलचा चौकीदार मला रोज भेटतो. मिलवाल्या कंपनीचं दिवाळं निघालंय आणि आग कशी लागली यावर विमा कंपनीशी कोर्टात वाद चालू आहे. निकालापर्यंत काही हलवायचं नाही, म्हणून हा राखेच्या कडेकडेनं झाडतो. कुत्रं शिरलं तर म्हणतो, "चाल बाहीर, पुरावा हाये तो."

काल मी फाटकात विडी पेटवली. त्यानं ती माझ्या हातातून घेऊन विझवली.

"काहून भाऊ? आता इथं जळाले काय राह्यलं?"

"थोटूक राखीत सापडलं, तं विमावाले म्हनतीन, आग विडीनंच लागली."

थोटूक त्यानं खिशात टाकलं. एकेकाळी हा विडीवर विडी पेटवायचा. आग लागली त्या दिवसापासून त्यानं एकही विडी ओढलेली नाही.