माझ्या शंका, तिची शाबासकी

रोह्याला असताना कुणीतरी बोललं होतं, "मास्तरांचीच पोर, पहिला नंबर घरचाच." ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या मास्तर वडलांच्या, जिव्हारी लागलं. पुढे बदली होऊन आम्ही पेणला आलो, मी सातवीत नेमकी त्यांच्याच वर्गात पडले, आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला बजावलं, "वर्गात हात वर करायचा नाय. अन् घरी मी काय शिकवणार नाय. लोक म्हणतील, बाप पढवून आणतो."

उद्याचा धडा मात्र आदल्या संध्याकाळी वाचायचाच! हा नियम अख्ख्या वर्गाला होता. "आधी वाचलंत की आपल्याला काय कळलेलं नाय ते कळतं," अण्णा सांगायचे. पोरं कसली वाचतायत? वाचायची ती मीच. आणि खरंच, वाचलं की शंकांवर शंका यायच्या. त्या घरी विचाराव्या तर उत्तर एकच, "उद्या वर्गात ऐक." वर्गात माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. घरी तोंड बंद, शाळेत तोंड बंद. असा संताप यायचा, वाटायचं ते पुस्तक चुलीत घालावं.

भरती-ओहोटीचा धडा वाचला तेव्हा तर मला राहवेना. चंद्र पाणी ओढतो, बरं. पण तो एका बाजूला असताना भरती दिवसातून दोनदा कशी? सकाळी मी बाकावरच्या मैत्रिणीला गाठलं. ती मिठागराकडच्या वस्तीतून चालत यायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

"तू विचार गो माझ्यासाठी."

"त्यात काय! विचारते की."

तिने विचारलं आणि अण्णांचा चेहरा असा काही खुलला! खडू घेऊन त्यांनी पृथ्वी काढली, चंद्र काढला, दोन्हीकडे फुगलेलं पाणी काढलं. "शाबास! याला म्हणतात वाचून येणं."

मला भरती समजली, पण शाबासकी तिला. जळफळाट झाला माझा. तरी करते काय? वर्षभर तेच चाललं. शंका माझी, तोंड तिचं. वर जेवताना अण्णा आईला सांगायचे, "काय हुशार पोर हाय!" मी मान खाली घालून भात कालवत बसायची.

वर्ष संपत आलं तेव्हा अण्णांनी तिला वर्गापुढे उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाले, हिच्यासारखं वाचून येत जा. तिला ते सोसलं नाही.

"सर, शंका हिच्या असतात. मी नुसती बोलते."

तिचं बोट माझ्याकडे होतं.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासून."

ठाऊक होतं! हात वर न करताच मी उभी राहिले. "मग शाबास कुणाला म्हणत होतात?"

अण्णा माझ्या बाकापाशी आले आणि हातातलं पुस्तक त्यांनी माझ्यापुढे धरलं. "आजचा धडा तू वाच."

मी पुस्तक घेतलं आणि ढसाढसा रडायलाच लागले. एक ओळ वाचता येईना. शेवटी तो धडाही तिनेच वाचला.