सरपंचबाईंच्या रिक्षाचे साठ रुपये

“रिक्षाभाडं, साठ रुपये,” मी वाचलं आणि ग्रामसभेत मागून कोणीतरी हसलं.

मी ग्रामसेवक. ग्रामपंचायतीचं दप्तर, हिशोब, ठराव, दाखले हे सगळं सांभाळणारा सरकारी माणूस. गावात आम्हाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. कर्जत तालुक्यातल्या त्या गावात माझं चौथं वर्ष चालू होतं. वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा लागतो. एरवी तो कोणी ऐकत नाही, लोक सह्या करून निघून जातात. त्या दिवशी मात्र शेड भरलं होतं. आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचांच्या प्रवासबिलाचा फोटो फिरला होता. दप्तरातून तो कोणी काढला, मला आजही माहीत नाही.

सरपंच सुमनताई माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या, कारण सभेच्या अध्यक्ष त्याच. सरपंचपद राखीव निघालं आणि त्या निवडून आल्या. त्याआधी दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. सरपंच झाल्यावर तोड बंद केली. घर नवऱ्याच्या मजुरीवर आणि यांच्या मानधनावर चालायचं, आणि मानधन कधी वेळेवर यायचं नाही.

त्यांनी एकच काम मनावर घेतलं होतं. वस्तीवरच्या शाळेला दोन खोल्या. पोरं पत्र्याखाली बसत होती, उन्हाळ्यात अकरा वाजताच शाळा सोडावी लागे. प्रस्ताव नगरला जिल्हा परिषदेत अडकला होता. सुमनताई वर्षात अकरा वेळा नगरला गेल्या. दर वेळी एसटीने. टेबलावरून टेबलावर त्यांनी तो कागद अक्षरशः हाताला धरून चालवला. मी चार गावांचा कारभार बघत होतो, मला एवढं जमलं नसतं.

भाडं मागायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मीच म्हणालो, कामासाठी गेलात तर प्रवासभत्ता मिळतो, हक्काचा आहे, बिल द्या. त्यांनी पिशवीतून तिकिटं काढली. सगळी अर्ध्या भाड्याची, कारण बायकांना एसटीत निम्मंच लागतं. एकदा बस वाटेत बंद पडली होती आणि जिल्हा परिषदेतले साहेब बाराला मीटिंगला निघणार होते, म्हणून स्टँडवरून रिक्षा केली होती. त्याची पावती नव्हती. त्या म्हणाल्या, राहू द्या. मी म्हणालो, खर्च खरा आहे ना? मग लिहा.

तेच वाचताना लोक हसले. एक जण उठून म्हणाला, “बाई, पायाला काय झालं हुतं? स्टँडपास्नं जिल्हा परिषद लांब हाय व्हय?”

सुमनताईंनी बस बंद पडल्याचं सांगायला सुरुवात केली, पण आवाज कोणी ऐकला नाही. मग उपसरपंच आप्पा उठले. आप्पांची जीप आहे, दोन जेसीबी आहेत, गावातल्या रस्त्यांची कामं त्यांच्याच माणसांकडे जातात. त्या कामांना तीन-तीन कोटेशनं लागतात. तिन्ही एकाच अक्षरात असायची आणि ती फाईलला लावायचं काम माझं होतं. आप्पा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मी इतकी वर्सं नगरला जातोय. सोताची गाडी, सोताचं डिझेल. गावाचा एक रुपाया घेतला न्हाई. ज्याला परवडत न्हाई त्यानं खुर्चीवर बसू नये.”

टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, हे बिल नियमात बसतं.

“नियम ऱ्हाऊ द्या बाजूला, भाऊसाहेब,” आप्पा म्हणाले. “आमी नीतीचं बोलतोय.”

मी खाली बसलो. माझा बदलीचा अर्ज पंचायत समितीत पडून होता आणि तिथं आप्पांचा शब्द चालायचा. लिहायला लाज वाटते, पण कारण तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सुमनताई ऑफिसात आल्या. बिलाचे सगळे पैसे टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. मी समजावू लागलो की परत करायची काही गरज नाही, बिल मंजूर झालंय, लोक आठ दिवसांत विसरतील. त्यांनी ऐकून घेतलं.

“काल सभेत तुमी एवढं बोलला असता,” त्या म्हणाल्या, “तर ठिवले असते.”

मी पावती फाडली.

महिन्याभरात जिल्हा परिषदेचं पत्र आलं. खोल्यांच्या प्रस्तावात जागेच्या उताऱ्याची त्रुटी होती. सरपंचांनी मूळ कागद घेऊन पंधरा दिवसांत समक्ष यायचं होतं. मी वस्तीवर गेलो. सुमनताई दुसऱ्याच्या रानात खुरपत होत्या. मानधन थकलं होतं, नगरच्या भाड्यापुरतेही पैसे हातात नव्हते. भाड्याचे पैसे मी देतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या. तुमचे घेतले तर त्याचाबी फोटो निघंल, एवढंच बोलल्या. आप्पांना विचारलं तर म्हणाले, मी जाणारच हाय नगरला, बघतो. मी माझ्या बाजूने टपालाने खुलासा पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मुदत संपली आणि आमच्या शाळेचं नाव मंजुरीच्या यादीतून गेलं.

दिवाळीआधी सुमनताईंनी राजीनामा दिला. ‘घरगुती कारणास्तव’ हे शब्द मीच लिहून दिले, त्यांनी सही केली. आठवड्याने मुकादमाचा ट्रॅक्टर आला. नवरा-बायको तोडीला गेली.

पुढच्या जमाखर्चाच्या सभेला आप्पा प्रभारी सरपंच म्हणून खुर्चीत होते. सरपंच प्रवासखर्च, निरंक, असं मी वाचलं. निरंक म्हणजे काही नाही. कोणीतरी वा म्हणालं. त्याच पानावर खाली आप्पांच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकची रक्कम होती. सहा आकडी. मी ती मुद्दाम सावकाश वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. कोणी मान वर केली नाही.

माझी बदली झाली. नव्या गावचे सरपंच स्वतःच्या गाडीतून फिरतात, प्रवासबिल कधी देत नाहीत, आणि लोक त्यांना प्रामाणिक म्हणतात. प्रवासभत्त्याची तरतूद नियमात अजून आहे. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही कारभार करता यावा म्हणून ती केली होती. तिचा फायदा घेणारा माणूस मी नोकरीत एकदाच पाहिला, आणि त्याला तो घ्यायला मीच सांगितलं होतं.