पट्टा माझ्या छातीला, धावले हे

...नाही गं प्रांजल, ते खोडू नकोस. गावच्या मंडळाचा अंक आहे, आपलीच माणसं वाचणार. मी बोलते तसंच लिही. फक्त नवऱ्याचं नाव मी घेत नाही, तेवढं तूच घाल. (सीताराम. - प्रांजल) वय बहात्तर, कांजूरमार्ग, तिसरा मजला. झालं? पुढं ऐक.

तर यांना बीपी निघाला. शिमग्याला गावी पालखीला पहिला खांदा यांचा, तो लग्नाआधीपासून. डॉक्टर म्हणाले, आधी रोज वीस मिनिटं चाला, छातीचे ठोके एकशे दहाच्या वर नेऊ नका. पंधरा दिवस जमलं तर घ्या खांदा, नाही तर खुर्चीत बसून बघा. खुर्ची म्हटल्यावर यांनी दोन दिवस माझ्याशीच बोलणं टाकलं, जसं काही मीच डॉक्टर.

मग तुझ्या आईने, श्रुतिकाने, ते चालायचं मशीन आणलं. तेव्हापासून बेडरूमचं कपाट अर्धंच उघडतं. मशीनबरोबर छातीला बांधायचा पट्टा. पट्टा ठोके मोजतो आणि मशीन त्याचं ऐकतं. ठोके वाढले की मशीन आपणहून हळू, कमी पडले की जोरात. आकडे सगळे तुझ्या आईच्या मोबाईलवर, ती ऑफिसात बसून बघते.

पण हे मशीनवर चढले की यांच्या डोक्यात शिमग्याचा ढोल सुरू. पाच मिनिटांत आकडा एकशे वीस, आणि मशीन गोगलगाय.

"मला बाळंतिणीसारखं चालवतंय," म्हणायचे. दहा दिवस झाले, एकही दिवस जमला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच. यांनी हाक मारली, "इकडं ये गो. हा पट्टा तू बांध. इथं शेजारी स्टुलावर बस आणि मटार सोल."

"मी कशाला?"

"तुझी छाती म्हणजे तळ्यातलं पाणी. तुला कधी काय होतं?"

बांधला. मटार सोलायला घेतले. माझे ठोके बहात्तर. मशीनला वाटलं, म्हातारा झोपलाय, उठवा याला. वाढवला की वेग. हे आधी भराभर चालले, मग पळायलाच लागले. वर पुढची बाजू उचलली गेली, चढण झाली.

"थांबव ते."

"मला कुठलं बटण कळतंय? शाळेत गेलेय मी?"

"मग घाबर ना जरा. ठोके वाढव."

"घाबरण्यासारखं काय झालंय?"

खरं सांगू? लाल दोरी ओढली की मशीन थांबतं, हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईने पहिल्याच दिवशी दाखवलेलं. पण शेहेचाळीस वर्षं हा माणूस बाजारात माझ्या दहा पावलं पुढं चालला, एकदा मागं वळून बघितलं नाही. म्हटलं, दोन शेंगा सोलू, मग ओढू. दोन सोलल्या. तिसरी किडकी निघाली, ती धरायची नाही. चौथीला यांचं तोंड बघितलं आणि मला हसू फुटलं. हसले तसे ठोके वाढले, मशीन आपणहून सावकाश झालं. मग ओढली दोरी.

संध्याकाळी श्रुतिका मोबाईल घेऊन समोर उभी. "बाबा, एवढं पळून ठोके बहात्तर? घोड्याचे पण नसतात. कुणाला बांधलेला पट्टा?"

हे माझ्याकडं बघतात, मी भाजीकडं. शेवटी कबूल झाले. तिने पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले.

आता पट्टा यांनाच, मी नुसती शेजारी. डोक्यात ढोल सुरू झालेला मला चेहऱ्यावरून कळतो. लगेच विचारते, कोथिंबीर काय भावाने आणलीत? विचार करायला लागतात, आकडा खाली. काल पंधरावा दिवस झाला, एकशे आठच्या वर गेला नाही. डॉक्टर हो म्हणाले, पण खांदा देवळापासून पिंपळापर्यंतच.

म्हणून सांगते, हे वाचून जो कुणी आमच्याआधी गावी पोहोचेल, त्याने ढोलवाल्या खंडूला एवढा निरोप द्यावा: पालखी पिंपळाशी येईपर्यंत ढोल जरा सावकाश वाजव. आणि यांच्या कानावर जाऊ देऊ नका.